वर पोचून बोलता आलं पाहिजे

केवलराम मेंढे सायकलवर बसायचे बंद झाले आणि ती हाताने ढकलत घरी येऊ लागले, तेव्हा पहिले काही दिवस त्यांनी चाकात हवा नाही असं सांगितलं. मग ब्रेक लागत नाही असं सांगितलं. गयाबाईंनी ते खरं धरलं, कारण नवऱ्याची सायकल हा त्यांचा प्रांत नव्हता. नलूने मात्र एका रविवारी बाबा झोपलेले असताना मागचा टायर अंगठ्याने दाबून पाहिला. तो दगडासारखा कडक होता.

त्या दिवसापासून बाबा घरी यायच्या वेळी ती दारात जाऊन उभी राहू लागली.

नलू त्यांची एकुलती एक मुलगी. मॅट्रिक होऊन रुआबांध्याच्या शाळेत तिसरीच्या पोरांना शिकवत होती. सन त्रेसष्टचा हिवाळा चालू होता. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या भट्ट्या पेटून चार वर्षं झाली तरी गाव अजून बांधकामातच होतं. एकीकडे लोखंड ओतलं जाई, दुसरीकडे नवे पाये खणले जात, आणि दोन्हींची धूळ वारा वाहील तिकडे जाई. कामगारांच्या सेक्टरमधल्या बायका दोरीवरचे कपडे झटकूनच घडी घालत. धुळीबद्दल कोणी बोलत नसे. ती होतीच.

केवलराम पन्नाशीच्या आतले. जन्म भंडाऱ्याकडच्या, तलावाखाली धान पिकवणाऱ्या गावातला. पण वाट्याला आलेल्या बांधीत, धानाच्या एवढ्याशा खाचरात, दोन भावांची घरं चालेनात, म्हणून विशीतच ते मँगनीजच्या खाणीत गेले. तिथे कित्येक वर्षं त्यांनी खडकाला भोकं पाडली, तीही कोरडी, पाणी न मारता. सुरुंग उडाला की पांढरी धूळ उठे, आणि ती बसेपर्यंत मुकादम थांबू देत नसे. तेव्हा तिथल्या माणसांनी आपली एक रीत बसवली होती. ओला दुपट्टा तोंडाला बांधायचा, छाती भरून दम घ्यायचा, तो धरूनच धुळीत शिरायचं, टोपलं भरायचं, दम धरूनच बाहेर यायचं आणि उघड्यावर आलं की सोडायचा. ज्याचा दम जास्त टिके त्याला खाणीत मान. केवलरामांचा सगळ्यांपेक्षा जास्त टिके. त्यांच्यावर लोक पैजा लावत आणि जिंकत.

भिलाईत भट्ट्या बांधायला माणसं लागतात हे कळल्यावर ते बायको आणि मुलीला घेऊन इथे आले. भट्टीच्या विटा घासून मापात बसवायचं काम मिळालं. तीही धूळच, आणि तेही काम ते दम धरूनच करत. पुढे अवजड सामान चढवणारे-उतरवणारे खलासी म्हणून कायम झाले, क्वार्टर मिळालं, घरात नळ आला. दम धरण्याची सवय मात्र अंगात राहिली. आता तिला धुळीचीही गरज उरली नव्हती. समोर जिना दिसला, चढ लागला, पाण्याची बादली उचलायची वेळ आली की त्यांचे ओठ आपोआप मिटत, खांदे वर चढत, आणि काम संपेपर्यंत श्वास आतच राही. मग संपल्यावर जी धाप लागे तिला ते वय म्हणत.

दिवाळीनंतर एके दिवशी क्रेनच्या शिडीवर ते मधेच बसले. खाली उतरवायला तीन माणसं लागली. ओठ जांभळे पडले होते. त्यांना दवाखान्यात नेलं आणि छातीचा फोटो काढला.

डॉक्टर अच्युत पाध्ये रायपूरच्या जुन्या मराठी घरातले. बोलणं सावकाश, पुस्तकी वाटावं इतकं स्वच्छ. त्यांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि बाबांबरोबर आलेल्या नलूला जवळ बोलावलं. दोन्ही फुप्फुसांत तीळ पेरल्यासारखे ठिपके होते. हे खाणीतलं आहे, ते म्हणाले, आणि हे आता जायचं नाही. औषधाने खोकला कमी होईल, ठिपके नाही. केवलराम शेजारी स्टुलावर बसून सदऱ्याची बटणं लावत होते. त्यांनी एवढंच विचारलं की ड्युटीवर कधीपासून जाऊ.

इथेच खरी अडचण होती. खलाशाचं काम आता त्यांना देता येणार नाही, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं. संक्रांतीनंतर, कोण कामाला लायक ते ठरवणारा कारखान्याचा बोर्ड बसणार होता. बोर्डाने नापास केलं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की क्वार्टर गेलं. गावी धाकट्या भावाची चार पोरं त्याच बांधीवर जगत होती, तिथे जाऊन पडणं शक्य नव्हतं. एकच हलकी जागा रिकामी होती, मरोद्याच्या तलावावरच्या पंपघरात. बसून काम. पण पाळीत एकदा लोखंडी शिडीने वर जाऊन व्हॉल्व तपासायचे आणि वरूनच खाली ओरडून कोणता उघडा, कोणता बंद ते सांगायचं.

"शिडी चढणं ही परीक्षा नाही, मेंढे," डॉक्टर म्हणाले. "जिद्दीने कोणीही चढतो. वर पोचून बोलता आलं पाहिजे. तुम्हाला बोलता नाही आलं, तर खालचा माणूस भलताच पंप सुरू करील."

मग त्यांनी केवलरामांना दवाखान्याचा व्हरांडा चालून दाखवायला सांगितला. केवलराम ताठ उठले, तोंड मिटलं, आणि कोणी मागे लागल्यासारखे सरळ दुसऱ्या टोकाला जाऊन भिंतीला हात टेकून उभे राहिले. त्यांची पाठ भात्यासारखी हलत होती. डॉक्टरांनी नलूकडे पाहिलं आणि विचारलं, हे चालताना श्वास घेतात कधी?

बावीस वर्षं नलू या माणसाच्या घरात राहत होती, आणि हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता.

डॉक्टरांनी मग जे सांगितलं ते तिने शब्दन् शब्द मनात ठेवलं. नाकापासून फुप्फुसापर्यंत जी नळी आहे तिच्यातली हवा रक्ताला मिळत नाही, ती नुसती वाटेत असते. दम सुटल्यावर तुमचे बाबा भराभर छोटे श्वास घेतात. त्यात नळीच भरते आणि नळीच रिकामी होते. छाती मरेस्तोवर राबते आणि पदरात काही पडत नाही. त्यांचं फुप्फुस जेवढं उरलंय तेवढं पुरेल, पण उधळपट्टी चालायची नाही. श्वास कमी घ्यायचे, लांब घ्यायचे, आणि घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्यायचं. ओठ शीळ घालताना करतो तसे करून हळूहळू सोडायचं. रोज चालायचं. धाप लागेपर्यंत नाही, लागण्याच्या जरा अलीकडे थांबायचं. आणि दम धरायचा नाही. कधीच.

घरी आल्यावर गयाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं एकच लक्षात ठेवलं, की आजारी माणसाला चालवायचं आहे. त्यांना ते पटलं नाही. डॉक्टर शिकलेला असेल, पण धाप लागलेल्या माणसाला बाजेवर पडू द्यावं हे जनावराच्या बाबतीतही कळतं, असं त्या शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. नलूला म्हणाल्या, "तुया बापाच्या अंगात आता काय ठेवलं हाये वं? उरलं सुरलं रस्त्यावर सांडून ये."

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक निघाले. सेक्टरमध्ये कामाशिवाय कोणी पायी हिंडत नसे, आणि केवलरामांना तब्येतीसाठी हिंडणारा माणूस दिसायची लाज वाटे. म्हणून त्यांनी हातात कापडी पिशवी घेतली. रोज तीच पिशवी. कोणी विचारलं तर भाजी आणायला चाललो म्हणत. थोड्याच दिवसांत समोरच्या क्वार्टरमधल्या टिकारामने त्यांना अडवलं. टिकाराम खाणीपासूनचा जोडीदार, वयाने धाकटा, तोंडाने सैल.

"केवलदादा," तो म्हणाला, "पिशवी रिकामी जाते नं रिकामीच येते. हा बाजार कोन्त्या गावचा आहे, मले बी सांगा."

केवलराम हसले, आणि हसताना त्यांचा श्वास चुकला. मग पुढच्या वळणापर्यंत नलूला त्यांचा आवाज ऐकत चालावं लागलं.

तोंडाने फुंकायला ते तयारच होईनात. चूल पेटवताना बायका फुंकतात तसं चारचौघांत कसं करायचं? नलूने वर्गात सांगते तसं सांगून पाहिलं. जमिनीवर काडीने नळी काढली, फुप्फुसं काढली, हवा कुठवर जाते ते दाखवलं. ते मान हलवत, आणि चढ लागला की ओठ मिटत. तिला कळेना की रागवावं की हात जोडावेत. संक्रांत जवळ येत चालली होती. वर्गात पोरं पाढे म्हणत, आणि तिच्या डोळ्यांसमोर एक शिडी असे, आणि शिडीच्या टोकाला बाबांची ती भात्यासारखी हलणारी पाठ.

एकदा दोघं तलावाच्या पाळीपर्यंत, मातीच्या उंच बांधापर्यंत गेले. मरोद्याच्या त्या पाण्याकडे बघत केवलराम बराच वेळ बसले. नलूने पुन्हा नळीचं सुरू केलं, तेव्हा त्यांनी तिला हाताने थांबवलं.

"म्हंजे पाटासारकं," ते म्हणाले.

त्यांचे वडील गावच्या तलावाचे पाणकर होते. कोणाच्या बांधीला कधी पाणी सोडायचं हे ते ठरवत, आणि लहानपणी केवलराम त्यांच्या मागे पाटावर फिरत.

"तलावाचं पानी थोडं थोडं सोडलं त पाटच पिऊन टाकते," ते सावकाश, मधे थांबत बोलले. "शेवटच्या बांधीले थेंब नाई भेटत. सोडलं का लांब सोडा लागते. अन् आधी बांधीतलं जुनं पानी काढा लागते. नाई काढलं त नवं जाईन कुठं? तुया डॉक्टर हेच म्हणून राह्यला नं?"

नलू म्हणाली, हेच.

"मंग असं सांगावं ना. नळी काय काढत बसली."

त्या दिवशी परतताना त्यांनी पहिल्यांदा ओठांचा चंबू केला. समोरून एक ट्रक येत होता, तो जाईपर्यंत थांबले आणि मग सोडलं. लांब, बारीक, किटलीच्या तोंडातून वाफ निघावी तसा आवाज. पाऊल टाकताना घ्यायचं, पुढची पावलं टाकताना सोडत राहायचं. बोलायचं असेल तर थांबायचं. चालत बोलायचं नाही. हा नियम त्यांनी स्वतःच केला, आणि नलूला चालताना प्रश्न विचारायची बंदी केली.

काही दिवस चांगले गेले. ते पाळीचा चढ एकदा थांबून चढू लागले, मग न थांबता. गयाबाईंनी बोलणं सोडलं आणि सकाळचा चहा दोघांसाठी आधीच उकळून ठेवू लागल्या. नलूला वाटलं, जमेल. असं वाटलं त्याच आठवड्यात उलट्या दिशेचा वारा सुटला. कारखान्याकडून लालसर धूळ रस्त्यावरून सरपटत आली. बापलेक मोकळ्यावर होते, आडोसा नव्हता. नलूने पदर तोंडाला लावला, आणि वळून पाहते तो बाबांनी दुपट्टा तोंडावर घट्ट दाबलेला, खांदे कानाशी, आणि ते पळत होते. धुळीतून बाहेर पडायला पळत होते, खाणीत पळायचे तसे. ती ओरडली, पण ऐकणारा माणूस तिथे नव्हता. तो पंधरा वर्षं मागे, भंडाऱ्याकडे होता.

ती पोचली तेव्हा ते एका मोरीच्या कठड्यावर वाकून बसले होते. घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. नखं निळी पडली होती. तिने पाठीवर हात ठेवला तर सदऱ्याखाली प्रत्येक बरगडी वेगळी ओढली जाताना लागत होती. सोडा, बाबा, सोडा, एवढंच ती म्हणत राहिली. रस्त्याने एक सायकलवाला गेला, त्याने थांबून पाहिलं आणि पुढे निघून गेला. किती वेळ गेला ते तिला सांगता आलं नसतं. शिट्टी हळूहळू बसली. केवलरामांनी डोळे पुसले आणि पिशवी शोधली. ती वाऱ्याने उडून गेली होती.

घरी गयाबाईंनी त्यांचं तोंड पाहिलं. त्यांना बाजेवर निजवलं, छातीला तेल चोळलं, आणि स्वयंपाकघरात येऊन नलूला अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आता पुरे कर. मले नवरा जिता पायजे. घर गेलं त जाऊ दे." त्या ओरडल्या असत्या तर नलूला सोपं गेलं असतं.

दोन दिवस कोणी बाहेर पडलं नाही. नलू शाळेत जाई, येई, भाकरीला बसे आणि उठे. चालायला नेलं ते आपण, आणि मेले असते तर तेही आपल्यामुळेच, असा हिशेब तिच्या डोक्यात सारखा चाले. तिसऱ्या सकाळी ती केस विंचरत होती, तेव्हा मागून आवाज आला, चाल. केवलराम दारात उभे होते. हातात गयाबाईंची जुनी पिशवी. दोघी त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"पायतं काय," ते बायकोला म्हणाले. "बाजेवर पडलो तरी श्वास घ्याच लागते ना."

गयाबाईंनी पदर डोळ्याला लावला आणि चहाचं आधण खाली उतरवलं.

बोर्ड बसायच्या आदल्या संध्याकाळी टिकाराम आला. डॉक्टरांनी बोर्डाला सांगून ठेवलं होतं की मेंढ्यांना कामाच्या जागीच बघू, म्हणून सकाळी पंपघरावरच जायचं होतं. टिकारामने त्यावर भरपूर विचार केलेला दिसला. तो पाटावर बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "दादा, ते फू-फू काई करू नका. तिथं साहेब उभे राहतीन. म्हातारा फुंकून राह्यला म्हणतीन नं नाव कापतीन. तुमी आपलं जुनं काढा. एका दमात वर, नं वर गेलं का पाठ फिरवून उभं राहा. खालून कोनाले धाप दिसते?"

नलूने वाट पाहिली. केवलरामांनी कप बशीत ठेवला, आणि थंडी वाढली म्हणाले. ती रात्रभर त्या न दिलेल्या उत्तराशी भांडत राहिली. टिकाराम चुकीचं बोलत नव्हता. साहेब लोकांना जोर दिसतो, आणि जोर दम धरल्यावरच दिसतो. बाबांनी तसं केलं तर बहुतेक पास होतील. आणि मग रोज, पाळीत एकदा, तसंच चढतील. एक दिवस वरून खाली हाक येणार नाही.

सकाळी त्यांनी तिला येऊ नको म्हणून बजावलं. पोरीला घेऊन नोकरी मागायला गेलेला बाप त्यांना व्हायचं नव्हतं. नलू हो म्हणाली. शाळेत निरोप पाठवला आणि मागच्या वाटेने मरोद्याला गेली. पाळीच्या कडेला, बाभळीशेजारी उभी राहिली. तिथून पंपघराची भिंत आणि तिला टेकलेली शिडी पूर्ण दिसत होती. शिडी तिने मनात रोज पाहिली होती त्यापेक्षा उंच होती.

खाली डॉक्टर होते, बोर्डाचे दोन जण होते आणि पंपघराचे फोरमन होते, ज्यांना सगळे भैय्याजी म्हणत. भैय्याजींनी शिडीवर हात मारून काही सांगितलं. केवलरामांनी चपला काढल्या, पिशवी त्यांवर ठेवली, दुपट्टा कमरेला गुंडाळला आणि पहिला गज धरला.

ते भराभर चढू लागले. नलूला दुरूनच कळलं. खांदे वर होते. डोकं दोन खांद्यांत रुतलं होतं. पाय एकामागून एक, खाणीच्या तोंडातून टोपलं घेऊन निघाल्यासारखे. भैय्याजींनी मान डोलावली, बोर्डातल्या एकाने दुसऱ्याला काही म्हटलं आणि तो हसला. डॉक्टर हसले नाहीत. नलूने बाभळीचं खोड धरलं. हाक मारावी तर चारचौघांत त्यांची शोभा होणार, न मारावी तर ते तसेच वर जाणार. ते अर्ध्यावर पोचले, तिथे शिडीला पायरीपेक्षा जरा रुंद अशी एक लोखंडी पट्टी होती. तिथे ते थांबले.

त्यांनी खाली पाहिलं. मग पाळीकडे पाहिलं.

ते बराच वेळ तसेच उभे राहिले. भैय्याजींनी हसणाऱ्याकडे पाहिलं, हसणारा हसायचा थांबला. कोणीतरी उतरवायला जाऊ का असं विचारत असावं, कारण डॉक्टरांनी हात आडवा केला. मग नलूला खांदे खाली येताना दिसले. एकदम नाही. ओझं उतरवताना माणूस आधी गुडघा वाकवतो, मग कंबर, तसे. केवलरामांनी गज छातीशी धरला, ओठ पुढे काढले आणि सोडू लागले. जुनं पाणी निघत राहिलं. मग त्यांनी एक पाय वर ठेवला.

वरचा अर्धा भाग ते इतक्या हळू चढले की बोर्डातल्या माणसाने घड्याळ पाहिलं. एक पाय, सोडणं. दुसरा पाय, सोडणं. अंगात जोर नसलेला, म्हातारा, बायकांसारखा फुंकणारा माणूस सगळ्यांना दिसत होता, आणि तो लपवायचा काही प्रयत्न करत नव्हता. वर पोचल्यावर पाठ फिरवली नाही. कठडा धरून खाली तोंड करून उभे राहिले.

"बोलो मेंढे," भैय्याजींनी हाक दिली, "ऊपर क्या हाल है?"

केवलरामांनी हात वर केला. थांबा.

भैय्याजी पुन्हा ओरडले. हात तसाच वर. खाली चार माणसं मान वर करून उभी होती, आणि एक खलासी त्यांना थांबवून ठेवत होता. नलूला वाटलं, झालं, संपलं. आवाज नाही निघायचा.

"एक नंबर खुला," वरून आलं. आवाज मोठा नव्हता, पण न तुटता आला. "दो नंबर खुला." मग एक लांब सोडणं, ते खाली ऐकू आलं नसेल. "तीन नंबर आधा बंद है. किसने रखा?"

भैय्याजींनी कपाळावर हात मारला आणि आत कोणाला तरी शिव्या घालत गेले. डॉक्टर बोर्डातल्या माणसांशी बोलू लागले. तो घड्याळवाला बराच वेळ मान हलवत होता. माणूस फार हळू आहे, तो मोठ्याने म्हणाला. डॉक्टर म्हणाले, व्हॉल्व कुठे पळून जात नाहीत.

एक वर्षासाठी जागा मिळाली. वर्ष झालं की पुन्हा शिडी, पुन्हा बोर्ड. कायमचं असं काही कोणी दिलं नाही, आणि केवलरामांनीही विचारलं नाही. ते चपला घालून पाळीवर आले, सरळ बाभळीपाशी. नलूला लपायला जागा नव्हती. त्यांनी तिला शाळेचं काही विचारलं नाही. दोघं पाळीच्या दगडावर टेकले. ते बोलण्याइतके मोकळे होईपर्यंत ती गप्प राहिली, तिला आता ते जमत होतं.

मग तिने विचारलं, "मधी कावून थांबले होते, बाबा? पाय गळाले का?"

"नाई." ते तलावाकडे बघत होते. "वर जाऊन पाठच फिरवनार होतो. टिकाराम म्हने तसं."

"मंग?"

"तू दिसली. तोंड मिटून, खांदे कानाले लावून उभी. बाभूळ अशी धरली का जसं काई तूच चढून राह्यली." त्यांना हसू आलं, आणि ते हसू संपेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. "म्हटलं, हे केवलराम मेंढ्याची पोरगी हाये, हे त कोनी बी सांगन. मी दम नाई सोडला, त हे बी सोडत नाई."

नलूने मान खाली घातली. आपला श्वास आत्ता कुठे आहे, हे तिने पाहिलं. तो वरच, गळ्याशी अडकलेला होता. कधीपासून, कोण जाणे. कदाचित टायर दाबून पाहिला त्या रविवारपासून, कदाचित त्याच्याही आधी, खाणीच्या वस्तीत, आई दारात उभी राहून सुरुंगाचा आवाज ऐकायची तेव्हापासून. तिने तो सोडला. पुष्कळ वेळ तो निघत राहिला, आणि शेवटी त्याच्याबरोबर पाणीही आलं डोळ्यांतून. केवलराम त्या वेळी बगळ्यांकडे पाहत होते.

उद्यापासून पहिली पाळी. तिने विचारलं, मी सोडायला येऊ का रोज, तलावाच्या पाळीपर्यंतच. ते नाही म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, पहिल्या दिवशी ये. मग पुन्हा म्हणाले, नको, शाळा बुडते.

ऊन वर आलं होतं. गयाबाई घरी दारात उभ्या असणार, आणि त्यांना कोणी काही कळवलेलं नव्हतं. नलूच्या पायांना घाई सुटली. धावत जाऊन सांगावं असं तिला वाटत होतं. केवलराम उठले, पिशवी काखेत घेतली आणि म्हणाले की मी पुढं होतो, मले वेळ लागते, तू मागून ये. ते पाळीच्या उतारावरून निघाले. एक पाऊल घ्यायला, पुढची सोडायला.

ती चालू लागली तर चार पावलांतच त्यांच्या पाठीशी पोचली. मग तिने पाऊल आखूड केलं. तरी ती जवळच येत होती. मग आणखी आखूड केलं. असं चालायला तिला कोणी शिकवलं नव्हतं, आणि बाबांच्या मागे राहायचं तर ते शिकावंच लागणार होतं.